हिमगाडीचा पट्टा : त्याची निवड व रुळवणी

नवी कोल्हापुरी वहाण पायांत घालून कोणी शहाणा मनुष्य त्याच दिवशीं दहा मैलांच्या वाटेस लागत नाहीं. तो तिला तेल देतो, दोनचार दिवस ओसरीवर व अंगणांत वापरतो, आणि ती पायाशीं रुळली म्हणजे मग परगांवीं निघतो. ज्याला इतका धीर नसतो त्याचे पाय सोलून निघतात, व दोष मात्र बिचाऱ्या वहाणेला दिला जातो. विद्यार्थिमित्रहो, आज ज्या वस्तूविषयीं लिहावयाचें आहे ती आपल्या प्रांतांत पाहावयास मिळत नाहीं. परंतु तिचा न्याय या वहाणेसारखाच आहे. ही वस्तु म्हणजे बर्फावरून धांवणाऱ्या हिमगाडीचा, म्हणजे स्नोमोबाइलचा, रबरी पट्टा होय.

प्रथम या गाडीची गरज कां पडली तें पाहूं. कॅनडा देशाच्या क्वेबेक प्रांतांत हिवाळ्यामध्यें रस्ते बर्फाखालीं गडप होतात. तेथील व्हालकूर गांवीं जोसेफ-आर्मां बोंबार्दिये या नांवाचा एक कुशल यंत्रकार राहत असे. वयाच्या पंधराव्या वर्षीं, १९२२ सालीं, त्यानें बर्फावर चालणारें आपलें पहिलें वाहन तयार केलें होतें. १९३४ च्या हिवाळ्यांत त्याचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिसायटिसनें आजारी पडला. रस्ते बंद होते, आणि बर्फावरून रुग्णालयापर्यंत नेईल असें सज्ज वाहन त्या वेळीं हाताशीं नव्हतें. मूल दगावलें. पित्यानें आपला प्रयत्न सोडला नाहीं. १९३७ सालीं त्यानें दांतेरी चाक व रबरी साखळपट्टा यांच्या रचनेचें पेटंट मिळविलें, आणि १९५९ सालीं ‘स्की-डू’ नांवाची लहान हिमगाडी विक्रीस आली. आज उत्तरेकडील देशांत शिकारी, पहारेकरी व बचाव-पथकें अशा गाड्यांवर अवलंबून असतात. काश्मीरमध्यें गुलमर्ग येथें प्रवासी तींत बसतात, आणि सियाचिनच्या हिमनदीवर आपले सैनिकहि तिचा उपयोग करितात.

या गाडीस पुढें दोन स्की व खालीं एक रुंद साखळपट्टा असतो. इंजिनाची शक्ति साखळपट्ट्याकडे नेण्याचें काम मात्र हाताच्या चार बोटांहूनहि अरुंद अशा एका रबरी पट्ट्याकडे असतें. तो तुटला कीं इंजिन नुसतें गर्जत राहतें आणि गाडी जागच्या जागीं उभी! पारा शून्याखालीं तीस अंश उतरला असतां, वस्तीपासून वीस मैलांवर असें घडलें, तर तो प्राणावर बेतणारा प्रसंग होय.

आतां या पट्ट्याचें काम समजून घेऊं. तो दोन कप्प्यांवर चढविलेला असतो. प्रत्येक कप्पी समोरासमोर ठेवलेल्या दोन उतरत्या तबकड्यांची असून त्यांतील एक सरकती असते. पट्ट्याच्या कडा तिरप्या असतात व तबकड्यांमध्यें पाचरीप्रमाणें बसतात. इंजिन मंद फिरत असतां इंजिनाकडील कप्पीच्या तबकड्या दूर असतात. पट्टा सैल राहतो व गाडी हलत नाहीं. इंजिनाचा वेग वाढला म्हणजे कप्पींतील वजनें केंद्रोत्सारी प्रेरणेनें बाहेर फेकलीं जातात व सरकत्या तबकडीस आंत ढकलितात. पट्टा चिमटला जाऊन वर चढूं लागतो. त्याची लांबी तर वाढत नाहीं. म्हणून दुसऱ्या कप्पीच्या तबकड्या स्प्रिंगेचा जोर मोडून फांकतात व तेथें तो खालीं उतरतो. अशा रीतीनें गिअर न बदलतां गाडीचा वेग वाढत जातो. ज्यांच्या घरीं गिअर नसलेली स्कूटर असेल त्यांच्या वाहनाच्या डाव्या झांकणाखालीं हीच युक्ति काम करीत असते.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. सारी शक्ति त्या दोन तिरप्या कडांच्या पकडीवर चालते. पकड चांगली तर पट्टा थंड राहतो; पकड निसटली कीं घर्षणानें उष्णता वाढते, रबराची कड कांचेसारखी गुळगुळीत होते, आणि मग ती अधिकच निसटते. पट्टा मरतो तो बहुधा उष्णतेनेंच.

म्हणून निवड करितांना नुसत्या डोळ्यांवर विसंबूं नये. दोन पट्टे एकमेकांशेजारीं ठेविले असतां सारखे दिसतात. परंतु रुंदी, परीघ, कडांचा कोन, रबराचा कठीणपणा व आंतील अरामिड तंतूंची जात यांत भेद असूं शकतो. पट्टा लांब असेल तर तो सैल राहून गाडी हिसका देऊन निघते. आंखूड असेल तर इंजिन मंद असतांहि गाडी रांगूं लागते. अरुंद असेल तर तो मागील कप्पींत आधींच खोल बसतो आणि गाडी जड चालीनें सुटते. गाडीच्या पुस्तकांत दिलेला क्रमांक व पट्ट्यावरील क्रमांक जुळवून घेणें हाच खरा मार्ग. दुकानदार ‘हाहि चालेल’ म्हणाला, तरी चालणें आणि टिकणें यांत अंतर आहे.

पट्टा चढविण्यापूर्वीं इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. जुना पट्टा तुटला असल्यास त्याचा एकहि धागा कप्प्यांत राहूं देऊं नये. तबकड्या स्वच्छ कराव्या, त्यांवर तेलाचा अंश नसावा, आणि दोन्ही कप्प्या एका रेषेंत आहेत हें पाहावें. नाहींतर नवा पट्टाहि एका कडेनें झिजेल. कांहीं कारागीर नवा पट्टा कोमट साबणाच्या पाण्यानें धुऊन पुरता वाळवितात, कारण सांच्यांतून काढतांना लागलेला निसरडा थर त्यावर राहिलेला असतो. झांकण बसविल्यावांचून इंजिन कधींहि सुरू करूं नये. वेगांत तुटलेला पट्टा चाबकासारखा बाहेर येतो.

यानंतर येते ती रुळवणी. नव्या पट्ट्याच्या कडा तबकड्यांच्या उतारास अद्याप पूर्णपणें टेंकत नाहींत. कांहीं थोड्याच भागावर सर्व भार पडतो. अशा स्थितींत एकदम पूर्ण थ्रॉटल दिला तर तेवढाच भाग भाजून निघतो. म्हणून पहिले सुमारे ५० किलोमीटर, म्हणजे ३० मैल, थ्रॉटल अर्ध्याच्या आंत ठेवावा. वेग सतत एकसारखाहि असूं नये. तो कमीजास्त करीत राहावें, म्हणजे पट्टा तबकड्यांवर खालींवर फिरतो व त्याच्या कडा सर्व ठिकाणीं सारख्या बसतात. या काळांत जड ओझें ओढूं नये, खोल मऊ बर्फांत शिरूं नये, व उभा चढ चढूं नये. मधून मधून थांबून पट्टा थंड होऊं द्यावा. इतकें केलें म्हणजे पुढें तो पुष्कळ दिवस निमूटपणें सेवा करितो.

रुळलेल्या पट्ट्यालाहि रोज थोडी काळजी लागतेच. रात्रीं साखळपट्टा बर्फांत गोठून बसला असेल तर तो आधीं मोकळा करावा. तसाच थ्रॉटल दाबला तर कप्पी फिरते, पट्टा मात्र एका जागीं अडकून राहतो, आणि तेथें क्षणांत खांच पडते. सकाळीं इंजिन व पट्टा ऊन होईतों हळू जावें. पट्टा काढून पुन्हां चढविणें झाल्यास तो पूर्वीच्याच दिशेनें बसवावा.

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दूर जाणारा मनुष्य एक पट्टा जादा बाळगतो, हें बरें. परंतु पुष्कळांचा तो जादा पट्टा दुकानांतून आणला तसाच कोरा असतो. तो पहिला तुटेल तेव्हां अंधार पडत असेल, वारा सुटला असेल, आणि त्या वेळीं मैल मैल हळू जाऊन पट्टा रुळविण्यास कोणाला सवड असणार? म्हणून अनुभवी लोक दोन्ही पट्टे उन्हाच्या एखाद्या निवांत दिवशीं आळीपाळीनें रुळवून घेतात, आणि त्यांतील एक न मुडपतां, तेलापासून दूर, गाडींत जपून ठेवतात. तहान लागल्यावर विहीर खणूं नये असें आपण म्हणतों; परंतु विहीर खणून ठेवणेंहि पुरत नाहीं, तिचें पाणी आधीं चाखून पाहिलेलें असावें लागतें. ज्या दिवशीं कांहींहि अडलेलें नसतें, तोच दिवस या कामाचा होय.