जवळची शाळा पायवाटेने मोजा

प्रश्न : गुहागर तालुक्यात राहायला येत आहोत. मुलगी पहिलीत जाईल. घराजवळची सरकारी शाळा कशी शोधावी?

उत्तर : आधी घराची वाडी नक्की करा, कारण जिल्हा परिषदेच्या शाळा इथे बहुधा गाव-वाडीच्या नावानेच ओळखल्या जातात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याखालच्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर अंतर धरले आहे. हे अंतर मोबाइलच्या नकाशावर सरळ रेषेत का मोजू नये? गुहागर तालुक्यातल्या धोपाव्याहून दाभोळ समोर दिसते, पण ते खाडीपलीकडे, दापोली तालुक्यात. जायला फेरीबोट लागते. यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीच्या संकेतस्थळावर शाळांची यादी मिळते हे खरे, आणि सुरुवात तिथूनच करावी. पण वाटेतला पऱ्या (ओढा) जुलैत ओलांडता येतो का, हे यादी सांगत नाही. ते शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा आणि वाट एकदा मुलीसोबत चालून पाहा. कागदपत्रांची धास्ती नको : जन्मदाखला नाही म्हणून कायद्याने प्रवेश नाकारता येत नाही. जवळच्या शाळेचा पट (विद्यार्थीसंख्या) कमी म्हणून लांबची शाळा धरू नका. आधी जवळच्या शाळेच्या वर्गात तासभर बसून शिकवणे पाहा.