आरोग्य पाठ : कॅन्सरचा उपचार आणि पुढची पिढी



आमच्या एका सभासदाच्या २२ वर्षांच्या मुलाला गाठींचा कॅन्सर निघाला. पहिली सलाइन लावायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी मुलाला विचारले, "पुढं मूलबाळ हवं असेल तर वीर्य साठवून ठेवायचं का?" मुलाने मान खाली घातली. वडीलच म्हणाले, "साहेब, आधी पोरगं वाचू द्या. पुढचं पुढं बघू." विषय तिथेच संपला. आज मुलगा ठणठणीत आहे, ट्रॅक्टर चालवतो, स्थळेही येऊ लागली आहेत. मात्र तपासणीत वीर्यात शुक्रजंतू नाहीत असे निघाले. नाव न घालण्याच्या अटीवर वडिलांनी हे लिहू दिले. ते म्हणाले, "एका सकाळचं काम होतं हो!"

असे का होते ते पाहू. कॅन्सरची औषधे भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात. शुक्रजंतू तयार करणाऱ्या पेशीही तशाच, म्हणून त्या सापडतात. बाईच्या अंडाशयातील बीजांचा साठा जन्मापासून ठरलेला असतो, त्यात नवी भर पडत नाही. सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधाने तो साठा घटतो. ओटीपोटावर किरणे दिली तरीही तेच. सगळ्यांचेच असे होते असे नाही. औषध कोणते, डोस किती, वय काय, यावर ते ठरते. म्हणून तर आधी विचारायचे.

फडाला रोग आला तर आपण निरोगी बेणे आधी बाजूला काढतो की नाही? तसेच हे. वयात आलेल्या मुलाचे व पुरुषाचे वीर्य उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे टिकते. अशा गोठवलेल्या वीर्यापासून गर्भ राहिल्याची पहिली नोंद १९५३ सालची, अमेरिकेतील आहे. नमुना पहिल्या औषधाच्या आधी द्यायचा, नंतर नव्हे.

मुलींचे काम थोडे वेळखाऊ. दहा ते चौदा दिवस इंजेक्शने घेऊन बीजे काढावी लागतात. ती बहुधा योनीमार्गाने सुई घालून काढतात, त्यामुळे लग्नाआधीच्या मुलीच्या घरी कुजबुज होते. पण आम्ही म्हणतो, लोकांच्या कुजबुजीपायी पोरीचा पुढचा संसार का घालवावा? रक्ताच्या कॅन्सरसारखा आजार घाईचा असेल तर एवढे दिवस मिळत नाहीत, आणि जीव आधी हे खरेच. काही मोठ्या केंद्रांत दुर्बिणीतून अंडाशयाचा तुकडा काढून गोठवतात. वयात न आलेल्या मुलींसाठी तोच मार्ग आहे. असा तुकडा परत बसवून पहिले मूल २००४ साली बेल्जियममध्ये झाले.

हे सारे परदेशातलेच, असे कुणी समजू नये. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ सालीच कोलकात्यात गोठवलेल्या गर्भापासून मूल जन्मास आणले. त्या वेळी त्यांना मान मिळाला नाही, उलट चौकशी झाली, आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. १९८६ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. ते रुग्णालय परळला, आपली माणसे ज्या टाटा हॉस्पिटलला जातात त्याच भागात आहे.

२०२१ च्या कायद्याप्रमाणे साठवण नोंदणी झालेल्या ठिकाणीच करायची असते. आधी खर्च विचारा. साठवणीचे भाडे पुढेही चालू राहते, तेव्हा पावत्या ऊसबिलाच्या पिशवीत जपून ठेवा व पत्ता बदलला तर कळवा.

आणखी एक. पाळी बंद झाली म्हणजे दिवस राहणारच नाहीत, असे धरून चालू नये. उपचार चालू असताना गर्भ राहिला तर बाळाला धोका असतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने साधन वापरावे. उलट पाळी परत सुरू झाली तरी बीजांचा साठा पूर्वीइतका असेलच असे नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. डॉक्टर हा विषय काढतील तेव्हा थोडा वेळ बाहेर बसा. वडिलांसमोर कोणता मुलगा यावर बोलेल? आईसमोर मुलगी तरी कुठे बोलते? आणि डॉक्टरांनी विषय काढलाच नाही, तर संमतीच्या कागदावर सही करण्याआधी तुम्ही विचारा : "या औषधानं पुढं मूल होण्यावर काय परिणाम होईल, आणि आज काही साठवून ठेवता येईल का?"