मांडूहून निबंध: टॅब्लेट आणि एआय-सहायक



समजा, तुम्ही सहलीला मांडूत आहात आणि मराठीच्या बाई धारला, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर दूर. टॅब्लेटवर लिहिलेला निबंध त्याच दिवशी त्यांना पाठवता येतो. दुरुस्तीला चॅटजीपीटी किंवा जेमिनीसारखा एआय-सहायकही मदत करतो. मात्र तो तुमच्याबरोबर मांडू पाहायला आलेला नसतो.

उदाहरण पाहू. तुम्ही लिहिले, ‘खुरासानी इमलीच्या खोडाला आम्ही सात जणांनी मिळून कवेत घेतले.’ सहायक ‘इमली’ हा हिंदी शब्द पाहून तिथे ‘चिंच’ घालू शकतो आणि ‘सात’चे ‘अनेक’ करू शकतो. वाक्य शुद्ध दिसेल, पण झाडच बदलेल! ती मूळची आफ्रिकेतली गोरखचिंच आहे. आपल्या चिंचेचे कूळ वेगळे.

म्हणून हा क्रम पाळावा:

१. आधी स्वतः लिहावे. मूळ प्रत वेगळी ठेवावी.
२. ‘निबंध सुधार’ असे न म्हणता ‘फक्त शुद्धलेखनाच्या चुका दाखव, वाक्ये बदलू नकोस’ असे सांगावे.
३. प्रत्येक बदल मूळ प्रतीशी ताडावा. सन व नावे पुस्तकात तपासावीत.
४. बाईंना दोन्ही प्रती पाठवाव्यात.

पालकहो, माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहून आपल्या मराठीत हिंदी शब्द रुळले आहेत. त्यांतला कोणता ठेवावा, हे मुलांनी तुमच्याशी बोलून ठरवावे. यंत्रावर सोडू नये.

स्वाध्याय: जहाज महालाच्या दोन्ही बाजूंना तलाव आहेत. तिथे स्वतः पाहिलेल्या गोष्टींवर पाच वाक्ये लिहा.