मन मोकळं करणारी घरसभा: सुरू कशी करावी

रविवारी उपासनेनंतर "कसं चाललंय?" विचारलं, की बहुतेक जण "देवाच्या कृपेनं बरं आहे" म्हणतात. नोकरी गेलेली असो की घरात दारू शिरलेली असो, उत्तर तेच. खरं बोलायला लहान, विश्वासाची जागा लागते. जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट चळवळीत ती १७४२ मध्ये मिळाली. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या सभागृहाचं कर्ज फेडायला माणसं आठवड्याला एकेक पेनी गोळा करत घरोघर फिरू लागली. तिथं त्यांना घराघरातली खरी अवस्था कळली आणि वर्गणीसाठी केलेले सुमारे बारा जणांचे गट एकमेकांना सांभाळू लागले. आपल्या मंडळीतही असा गट उभा राहू शकतो.

तयारी: सहा ते आठ माणसं, एक घर, दर आठवड्याला दीड तास, पवित्र शास्त्र आणि 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक.

१. पाळकसाहेबांना कल्पना द्या, मग माणसं जमवा. सासू-सून किंवा मालक-कामगार एकाच गटात नकोत. तिथं धाकटा माणूस गप्पच बसतो.

२. पहिल्याच बैठकीत सगळ्यांनी शब्द द्यावा: इथलं बोलणं इथंच राहील. घरी नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, 'प्रार्थनेची विनंती' म्हणूनही नाही. अपवाद एकच. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा मुलावर अत्याचार होत असेल, तर गप्प राहायचं नाही. मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे क्रमांक सगळ्यांजवळ असू द्या.

३. एका गीतानं सुरुवात करा, मग छोटा शास्त्रभाग वाचा. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा बारावा अध्याय पहिल्या बैठकीला योग्य. शरीरातला काटा जावा म्हणून पौलानं तीनदा विनवणी केली. काटा राहिला, पण तो सोसण्याचं बळ मिळालं.

४. आधी गट चालवणाऱ्यानं बोलावं, तेही नेमकं. "मी प्रार्थनेत कमी पडतो" एवढ्यानं कुणाची भीड चेपत नाही. "महिनाभर थोरल्याशी बोलणं बंद आहे, आणि चूक माझी आहे" असं कुणी सांगितलं, की पुढच्याला धीर येतो. ज्याला बोलायचं नाही, त्याला आग्रह करू नका.

५. ऐकताना मध्ये बोलू नका. लगेच वचन सांगू नका, "विश्वास कमी पडला" तर मुळीच म्हणू नका. एवढंच विचारा: "आत्ता तुम्हाला काय हवंय?"

६. त्या माणसाचं नाव घेऊन थोडक्यात प्रार्थना करा. डोक्यावर हात ठेवण्याआधी विचारा.

७. आमेननंतर लगेच काम वाटून घ्या. एखाद्या ताईंच्या नवऱ्याचं डायलिसिस सुरू असेल, तर मंगळवारी दवाखान्यात कोण सोबत जाणार, शुक्रवारी भाजी-भाकरीचा डबा कोण देणार, मुलांचा अभ्यास कोण घेणार, हे नावानिशी वहीत लिहा.

८. पुढच्या बैठकीत वही उघडून आधी विचारपूस करा. ज्याला मदत मिळाली, त्यालाही झेपेल असं काम द्या. नुसतं घेत राहिलं की माणूस संकोचतो. त्याच ताईंनी दुसऱ्या कुणासाठी प्रार्थना केली, फोन करून धीर दिला, की आपलाही कुणाला आधार आहे हे त्यांना कळतं. देवाची कृपा बहुतेक वेळा अशी माणसांच्या हातूनच पोचते, आणि ती घेण्यासाठी आपली गरज कुणाला तरी सांगावी लागते.