मीठ आणि बाळंतीण



२०२२ साली तेल अवीवहून मनामाला थेट विमान जात होते. त्या वेळी आम्ही काही निवृत्त मंडळी बहरीन पाहून आलो. शहरातील बाब अल बहरीन, म्हणजे "बहरीनचे द्वार", ही मोठी कमान १९४०च्या दशकात इंग्रज सल्लागार बेलग्रेव्ह यांच्या काळी उभी राहिली. तेव्हा समुद्र तिच्या जवळच होता. पुढे भर घालून जमीन केल्यामुळे तो दूर गेला. कमानीतून आत शिरले की जुना सूक, म्हणजे बाजार, लागतो. तिथे हिंदी, गुजराती, मल्याळी सर्व भाषा कानांवर येतात. याच बाजारात यहुदी समाजाचे जुने सिनेगॉगही आहे. सर्वांनी तिथले फोटो काढले, पण माझ्या मनात घर करून राहिले ते एक मसाल्याचे दुकान.

मी बाळंतशेपा शोधत होते. सून गरोदर होती. दुकानदार रत्नागिरीकडचा निघाला. माझी मराठी ऐकून त्याला आनंद झाला व त्याने ओवा, डिंक, मेथ्या सर्व पुढे मांडले. बाजूला खड्याच्या मिठाचे पोते होते. तो सहज म्हणाला, "काकी, पूर्वी इथल्या बायका बाळंतिणीसाठी हेसुद्धा न्यायच्या, असं जुनी माणसं सांगतात." मी विचारले, "कशाला? शेकायला?" तो एकदम लाजला आणि हिशेब करू लागला.

घरी आल्यावर वाचले तेव्हा त्याच्या लाजण्याचे कारण समजले. ते येथे स्पष्टच लिहिते. आपण सर्व लेकुरवाळी माणसे आहोत.

बहरीनसह आखाती प्रदेशात पुष्कळ ठिकाणी अशी चाल होती की बाळंतपणानंतर काही दिवस स्त्रीच्या जननमार्गात खड्याचे मीठ भरून ठेवायचे. मार्ग पुन्हा आवळून यावा आणि आत घाण होऊ नये हा त्यामागचा हेतू. करणाऱ्या सुईणी दुष्ट नव्हत्या. मिठाने मासळी टिकते, आंबा टिकतो, मग ओली जखम का टिकू नये, असा तो विचार असावा. परंतु मीठ पाणी ओढून घेते. नाजूक त्वचा त्याने भाजल्यासारखी होते, मग व्रण भरताना जागा आक्रसते व कठीण होते. मार्ग आवळावा म्हणून केलेला उपाय असा खराच ठरे, पण इतका की कधी मार्ग जवळजवळ बंद होई. त्या स्त्रीला पुन्हा दिवस गेले तर मूल बाहेर येण्यास वाट नसे. दोन-दोन, तीन-तीन दिवस कळा देऊन आई व मूल दोघेही जात. जी वाचे तिला कधी कधी मूत्राशयाला भोक पडून आयुष्यभर लघवी गळण्याचे दुःख राही. त्या भागात काम केलेल्या डॉक्टरांनी १९६०च्या दशकापर्यंत वैद्यकीय मासिकांत याविषयी लिहिलेले आहे.

दुखणे पहिल्या बाळंतपणात पेरले जाई आणि उगवे दुसऱ्यात. मध्ये वर्ष-दोन वर्षे गेलेली असत. त्यामुळे दोष मिठाचा आहे हे कुणाच्या ध्यानातच येत नसे. मी तीस वर्षे मुलांना शिकवले. कारण व परिणाम यांत अंतर पडले की मोठी माणसेही फसतात, हे मला नवे नाही.

हे ध्यानात येण्यासाठी दोन्ही बाळंतपणे पाहणारे कुणी तरी हवे होते. अमेरिकन मिशनने १९०३ साली मनामात मेसन मेमोरियल रुग्णालय उघडले. परंतु पुरुष डॉक्टरापुढे बायका कशा येणार? डॉ. मॅरियन टॉम्स या स्त्री-डॉक्टर तिथे काम करीत असत. त्या १९०५ मध्ये वारल्या आणि पुढे त्यांच्या नावाने स्त्रियांसाठी वेगळे रुग्णालय झाले. कॉर्नेलिया डालेनबर्ग ही परिचारिका १९२१ पासून सुमारे चाळीस वर्षे आखातात राहिली. अरबी बायका तिला "शरीफा" म्हणत. बहरीनच्या यहुदी समाजाच्या आठवणींत उम्म जान या सुईणीचेही नाव येते. अशा स्त्रियांना घरात प्रवेश होता, माजघरापर्यंत जाता येत होते, म्हणून पुढे सांगता आले. नुसत्या फलकाने कुणी मीठ सोडले नसते.

आता आपल्याकडे वळू, कारण मीठ आपल्या ग्रंथांतही आहे. यहेज्केल नावीच्या सोळाव्या अध्यायात यरुशलेमला उघड्यावर टाकलेल्या तान्ह्या मुलीची उपमा दिली आहे. जन्मल्या दिवशी तिची नाळ कुणी कापली नाही, तिला आंघोळ घातली नाही, मीठ चोळले नाही, कपड्यात गुंडाळले नाही, असा त्याचा आशय. म्हणजे त्या काळी मीठ चोळणे हे मायेचे लक्षण होते. तल्मूदमध्ये शाब्बाथच्या भागात याच वचनावरून शाब्बाथ दिवशीही नवजात बाळाचे हे सर्व करावे असे ठरविले आहे, आणि मिश्नाप्रमाणे बाळंतिणीसाठी सुईणीला दुसऱ्या गावाहूनही आणावे. बाळंतिणीच्या जिवापुढे शाब्बाथ बाजूला ठेवणारे हे लोक होते. तरीसुद्धा आज बाळाला मीठ चोळू नये. तुर्कस्थानात ही चाल अलीकडेपर्यंत होती आणि बाळाच्या कोवळ्या कातडीतून मीठ रक्तात जाऊन बाळे दगावल्याची उदाहरणे तिथल्या डॉक्टरांनी नोंदवली आहेत.

आमच्या कोकणात मिठाऐवजी राख होती. माझ्या आजीचे पहिले मूल, मुलगा, सहाव्या दिवशी आकडी येऊन गेले. मिला आठव्या दिवशी व्हायची, म्हणून त्याला नावही मिळाले नाही. आजी त्याला "तो पहिला" एवढेच म्हणे. सुईणीने नाळ विळ्याने कापून वर चुलीतली राख लावली होती. आजीची समजूत शेवटपर्यंत अशी होती की बाहेरची दृष्ट लागली. तो धनुर्वात होता, हे मला शाळेत आरोग्यशास्त्राच्या पुस्तकात समजले. आजीला सांगावे की नाही याचा पुष्कळ दिवस विचार केला आणि सांगितले नाही. भारतातून बाळ-बाळंतिणीचा धनुर्वात हटल्याचे २०१५ साली जाहीर झाले. गरोदरपणी लस आणि नाळेसाठी स्वच्छ पाते, याहून मोठे रहस्य त्यात नाही.

या कामात आपल्या समाजाचाही हात आहे. बेने इस्राएल घराण्यातील डॉ. जेरुशा झिराड यांनी १९१९ मध्ये लंडनची एम. डी. मिळवली व मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या त्या १९४७ पर्यंत प्रमुख होत्या. मुंबईत बाळंतिणी कशाने मरतात याची त्यांनी रीतसर चौकशी केली. प्रत्येक मृत्यूला कारण असते व ते विचारले पाहिजे, ही वृत्ती त्या काळी दुर्मिळ होती. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या नातवंडांना हे नाव ठाऊक नसते याचे मला वाईट वाटते.

मग आपल्या चालींचे काय करावे? सरसकट टाकू नयेत असे माझे मत आहे. आपल्यात मुलगा झाल्यास चाळीस व मुलगी झाल्यास ऐंशी दिवस धरतात. डॉक्टरही बाळंतपणानंतरचे बेचाळीस दिवस जोखमीचे मानतात. तेवढे दिवस सुनेला स्वयंपाकघरातून सुटी मिळाली तर उत्तमच. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू बेताने द्यावेत. मात्र बंद खोलीत शेगडीची धुरी इथल्या उन्हाळ्यात नको, बाळाच्या छातीला ती वाईट. मध, गुटी, साखरपाणी काही देऊ नये. पहिल्या तासातच अंगावर पाजावे. पहिले पिवळसर दूध आमच्याकडे काही घरांत पिळून टाकीत, तेच सर्वांत मोलाचे. पाजताना गर्भाशय आवळते व रक्त कमी जाते. जे काम मिठाकडून करवून घ्यायचे होते, ते शरीर स्वतः करते. नाळेला काहीही लावू नये, कोरडी ठेवावी. पहिली आंघोळ एक दिवस थांबली तरी चालते.

सासवांनी डोळे उघडे ठेवावेत. तासाभरात पॅड भिजून जात असेल, ताप, घाण वास, एका पायाला सूज, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काही दिसले तर "बाळंतपणात असे व्हायचेच" म्हणू नये, त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. आणि दोन आठवडे उलटूनही सून रडत असेल, बाळाकडे पाहत नसेल, तर तो हट्ट नव्हे, आजार आहे. तिपत हलावमधील परिचारिकेला सांगावे.

मिठावर माझा राग नाही, गैरसमज नको. रक्तस्राव झालेल्या बाळंतिणीच्या शिरेत जे सलाईन चढवतात ते एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठच असते. गरोदरपणी मिठातील आयोडीन बाळाच्या मेंदूला हवे असते. २०१७ च्या सुमारास इस्रायलात झालेल्या पाहणीत बहुतेक गरोदर स्त्रियांत ते कमी आढळले होते. तेव्हा दुकानात पुडीवर आयोडीन लिहिले आहे का ते वाचावे, आणि गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे.

सुनेला मुलगी झाली. मेयालेदेतने बाळ पुसून थेट तिच्या छातीवर ठेवले. बाळंतशेपा मी मनामाहून आणल्याच होत्या. मीठ-मोहऱ्या मात्र मी अजून उतरवते, आणि इथे चूल नसल्यामुळे त्या कागदात गुंडाळून खालच्या कचरापेटीत टाकून येते.