सायकलने गुडघे झिजत नाहीत, हट्टाने दुखतात

जबलपूरच्या गोरखपुरातून रविवारी पहाटे पंधरा-वीस जणांनी मिळून भेडाघाटापर्यंत सायकलने जायचं ठरवलं, की घराघरांतून एकच सूर निघतो : 'चाळिशी उलटली, आता गुडघे झिजवून घेऊ नका.' माझ्या दवाखान्यात येणाऱ्यांनीही हेच मनाशी पक्कं धरलेलं असतं. गुडघा कुरकुरायला लागला म्हणून सायकल विकून टाकायची आणि त्याच गुडघ्यांनी दिवसातून दहा वेळा जिना चढायचा-उतरायचा, यात काही विसंगत आहे असं कुणाला वाटत नाही. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यांतच मोजमाप करणारी यंत्रणा बसवून भार मोजला. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पटींहून थोडा जास्त भार येतो, जिना उतरताना साडेतीन पटींच्या घरात. व्यायामाच्या सायकलवर मध्यम जोराने पेडल मारताना मात्र तो सव्वा पटीच्या आत राहतो. वजन सीटवर टेकलेलं असतं, गुडघ्याला ते पेलावं लागत नाही. म्हणूनच वजन जास्त असलेल्या माणसाला चालण्यापेक्षा सायकल बऱ्याचदा सोपी जाते.

'पण वर्षानुवर्षं चालवून झीज होतच असेल ना?' ही शंका रास्त आहे. अमेरिकेत अडीच हजारांहून अधिक माणसांना त्यांच्या आयुष्यभराच्या सायकलिंगबद्दल विचारून, त्यांच्या गुडघ्यांचे एक्स-रे तपासून केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कधी ना कधी सायकल चालवलेल्यांत गुडघेदुखी आणि संधिवात, दोन्हींचं प्रमाण कमी आढळलं, आणि आयुष्यातल्या जितक्या जास्त टप्प्यांत सायकल चालवली तितकं ते आणखी कमी. यावरही आक्षेप घेता येतो : ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच सायकल चालवत राहतात. खरं आहे. त्यामुळे सायकल संधिवात टाळतेच, असं या अभ्यासावरून मी म्हणणार नाही. पण सायकलने गुडघे झिजत असते, तर उलटं चित्र दिसायला हवं होतं. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू (२०१५) किंवा नागपूरचे डॉ. अमित समर्थ (२०१७) यांनी पूर्ण केलेली 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' पुरावा म्हणून पुढे करणंही मला पटत नाही. जवळजवळ ४,८०० किलोमीटरच्या त्या शर्यतीमागची तयारी कुणी बघत नाही, फक्त आकडा बघतात, आणि मग पहिल्याच रविवारी हौशी मंडळी चाळीसच्या वर किलोमीटर मारून येतात.

मग सोमवारी दवाखान्यात गुडघा धरून येणाऱ्यांचं काय? दुखणं खरंच असतं, फक्त दोष भलत्यालाच दिला जातो. आपल्याकडे बहुतेकांची सीट खाली असते, कारण रहदारीत थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. सीट खाली असली की पेडल मारताना गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीवर दाब वाढतो. त्यात जड गिअर. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली न्या : पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग पायाचा चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्याला आपोआप योग्य तेवढा, साधारण २५ ते ३५ अंशांचा, बाक राहतो. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, ही सवय दोन दिवसांत लागते. गुडघ्याच्या पुढे दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागे दुखत असेल तर बहुधा वर.

म्हणून फेरी काढणाऱ्यांना माझं सांगणं आहे : गुडघ्यांची निम्मी काळजी तुमच्या हातात आहे. निरोपात अंतर, वेग आणि चढ स्पष्ट लिहा. निघण्याआधी पंधरा मिनिटं पाना हातात घेऊन प्रत्येकाची सीट बघा. नवख्यांची पहिली फेरी ग्वारीघाटापर्यंतच ठेवा, भेडाघाट काही आठवड्यांनी. वेग सगळ्यात हळू चालवणाऱ्याचा, आणि एक अनुभवी माणूस कायम शेवटी. 'मग जोरात चालवणारे कंटाळतात' अशी तक्रार येते. त्यांनी आपला वेगळा गट करावा. पुढच्याच्या मागे लागून जड गिअरमध्ये दामटणारा नवखा मला दुसऱ्या दिवशी दिसतो, त्यांना दिसत नाही. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी निघून सगळी भिस्त परतीच्या पोहे-जलेबीवर ठेवू नये. साखर वाटेतच उतरू शकते, खिशात ग्लुकोज ठेवा.

राग येतो तो गुडघेदुखीवरच्या भलत्या उपचारांचा. 'गुडघ्यातलं तेल संपलं' असं सांगून महागडं तेल गळ्यात मारणारे, मोबाइलवर फिरणारं भेंडीचं पाणी, आणि सर्वांत घातक म्हणजे निघण्यापूर्वी खबरदारी म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी. उन्हात घाम जाऊन शरीर कोरडं पडलेलं असताना ही गोळी मूत्रपिंडांवर घाव घालू शकते. शिवाय थांबायला सांगणारी वेदनाच ती दाबते. साधं दुखणं दोन-चार दिवसांची विश्रांती, बर्फाचा शेक आणि सीटची दुरुस्ती एवढ्यानं बहुतेकदा जातं. घाबरू नका. पण गुडघा सुजला, गरम लाल झाला, अडकला, चालताना दगा देऊ लागला, रात्री झोपेतून उठवू लागला किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर तपासून घ्या, आणि लाल गरम गुडघ्यासोबत ताप असेल किंवा पोटरी सुजलेली असेल तर त्याच दिवशी. चढावर छातीत दाब आला, तो जबड्यात किंवा हातात उतरला, दरदरून घाम फुटला, तर सायकल तिथेच सोडा, सोबतच्यांना सांगा आणि १०८ ला फोन लावा. 'अ‍ॅसिडिटी असेल' म्हणत उरलेलं अंतर पूर्ण करू नका, आणि सोबत्यालाही करू देऊ नका.