थांबून जगणारे जीव

'जगण्याच्या धडपडीत बलवान तोच टिकतो' हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत आणि बहुतेक वेळा ते डार्विनच्या नावावर खपवले जाते. मूळ शब्दप्रयोग हर्बर्ट स्पेन्सर यांचा, १८६४ सालचा. त्यातही 'बलवान' हा शब्द नाही. 'परिस्थितीला सर्वांत अनुरूप' असा त्याचा अर्थ आहे. फरक लहान वाटतो, पण एकदा तो लक्षात आला की निसर्गाकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते. आज ज्या जीवांची ओळख करून घ्यायची आहे ते संकटाशी झुंजत नाहीत आणि संकटापासून पळूनही जात नाहीत. ते थांबतात. इतके थांबतात की त्यांना जिवंत म्हणावे की मृत, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडावा.

उत्तर अमेरिकेच्या जंगलांत 'वुड फ्रॉग' नावाचा एक बेडूक राहतो. आपण त्याला वनबेडूक म्हणू. लांबी जेमतेम ५ ते ७ सेंटिमीटर, रंग वाळलेल्या पानासारखा, डोळ्यांवरून गेलेला काळा पट्टा. अलास्कात, जिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली ३०-४० अंशांपर्यंत उतरतो, तिथेही हा राहतो. हिवाळा आला की इतर अनेक बेडूक तळ्याच्या तळाशी जातात, कारण वर बर्फ जमला तरी खाली पाणी राहते. हा मात्र जमिनीवरच, पालापाचोळ्याच्या थराखाली अंग आखडून बसतो आणि तिथे चक्क गोठतो.

गोठतो म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. त्याच्या शरीरातील सुमारे दोन तृतीयांश पाण्याचा बर्फ होतो. डोळे पांढुरके होतात, पाय काडीसारखे ताठ होतात. श्वास थांबतो, रक्त वाहणे थांबते, हृदयाचा ठोका थांबतो. हातात घेतला तर दगडासारखा लागेल. अशा बेडकाला कुणीही मेलेला समजून टाकून देईल. १९८२ साली विल्यम श्मिड या अमेरिकन संशोधकाने अशा गोठणाऱ्या बेडकांविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला, तेव्हापासून शास्त्रज्ञ यामागचे रहस्य उलगडत आहेत.

एरवी बर्फ प्राणघातक का ठरतो? पेशीच्या आत बर्फाचे स्फटिक झाले की ते पेशी फाडतात. वनबेडूक बर्फाला शरीरात येऊ देतो, पण पेशीच्या आत येऊ देत नाही. त्वचेला बर्फाचा पहिला स्पर्श होताच काही मिनिटांत त्याचे यकृत साठवलेले पिष्ट फोडून त्याची साखर, म्हणजे ग्लुकोज, रक्तात सोडू लागते. हृदय अजून चालू असते. तेवढ्या वेळात ते ही साखर साऱ्या अवयवांपर्यंत पोहोचवते. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी १०० मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत साखर असते. या बेडकाच्या रक्तात तो आकडा हजारोंमध्ये जातो! आपण इतक्या साखरेने केव्हाच दगावलो असतो. त्याच्या पेशी मात्र तिच्यामुळेच सुकून आक्रसत नाहीत. बर्फ साचतो तो पेशींच्या बाहेर, त्वचेखाली आणि पोटाच्या पोकळीत. एरवी मूत्रावाटे बाहेर पडणारा युरियाही तो शरद ऋतूपासून साठवू लागतो आणि तोही पेशींच्या रक्षणाच्या कामी येतो.

यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग पुढेच आहे. प्रयोगशाळेत जे वनबेडूक गोठवले जात, ते शून्याखाली काही अंशांपर्यंतच जगत. अलास्का विद्यापीठाच्या फेअरबँक्स येथील संशोधकांनी त्यांना जंगलातच, त्यांच्या स्वतःच्या जागी राहू दिले आणि तापमान नोंदवत राहिले. २०१४ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे बेडूक शून्याखाली १८ अंशांपर्यंतची थंडी सोसून, सरासरी १९३ दिवस सलग गोठलेले राहिले आणि वसंतात सगळेच्या सगळे जिवंत निघाले.

बेडूक तोच, थंडीही खरीच. मग इतका फरक कशाने पडला? जंगलात थंडी एकदम येत नाही. शरद ऋतूत रात्री गारठा पडतो, दिवसा ऊन येते. बेडूक रात्री थोडा गोठतो, दिवसा वितळतो. पुन्हा रात्री गोठतो. असे कितीतरी वेळा घडते आणि प्रत्येक वेळी त्याच्या अवयवांत थोडी अधिक साखर जमा होते. प्रयोगशाळेत एकाच झटक्यात गोठवलेल्या बेडकाला ही संधीच मिळत नव्हती. थोडे थोडे सोसत गेल्यानेच मोठे सोसण्याची तयारी झाली होती. ज्याने कधी नियमाने उपवास केला आहे किंवा पहाटे उठण्याची सवय लावून घेतली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

वसंतात तो आतून बाहेर जागा होतो. आधी हृदय धडधडू लागते, मग श्वास येतो, शेवटी पाय हलतात. दिवसभरात तो उड्या मारू लागतो. तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप कशासाठी? तळ्याच्या तळाशी बसणे सोपे नव्हते का? कारण असे की बर्फ वितळून जंगलात जी लहान डबकी भरतात, त्यांत मासे नसतात, म्हणून पिल्ले सुरक्षित राहतात. पण ही डबकी उन्हाळ्यात आटतात. तेव्हा पिल्लांची वाढ वेळेत व्हायची तर अंडी लवकर घातली पाहिजेत. मोठ्या तळ्यावरचा बर्फ उशिरा वितळतो. पालापाचोळ्याखालचा बेडूक त्याआधी मोकळा होतो.

थंडीचे हे झाले. दुष्काळाशी गाठ पडते ती आफ्रिकेतील फुप्फुसमाशाची, ज्याला 'लंगफिश' म्हणतात. याला फुप्फुसे असतात आणि पाण्याबाहेर तोंड काढून श्वास घेता आला नाही तर हा मासा असूनही बुडून मरतो. डबके आटू लागले की तो चिखलात खोल शिरतो, अंगाची गुंडाळी करतो आणि त्वचेतून बुळबुळीत स्राव सोडतो. तो वाळून अंगाभोवती पातळ कोष तयार होतो. श्वासासाठी फक्त तोंडापाशी एक भोक राहते. अन्न नाही, पाणी नाही. स्वतःच्या शरीरातील मांसावर तो गुजराण करतो, तीही अत्यंत काटकसरीने. मासे एरवी शरीरातील विषारी अमोनिया पाण्यात सोडून देतात. इथे पाणीच नसल्याने तो त्याचे रूपांतर कमी विषारी युरियात करतो आणि पाऊस येईपर्यंत साठवून ठेवतो. साधारणपणे पुढच्या पावसाळ्यापर्यंत ही कोंडी चालते, पण असे मासे याहून कितीतरी जास्त काळ, काही वर्षेही, जिवंत राहिल्याचे आढळले आहे.

तिसरा जीव तुमच्या घराजवळही असण्याची शक्यता आहे. पावसाळ्यात भिंतीवर जे हिरवे शेवाळ चढते त्यात एक मिलिमीटरपेक्षाही लहान, आठ पायांचे जलअस्वल म्हणजे 'टार्डिग्रेड' राहते. शेवाळ सुकले की ते पाय आत ओढून घेते आणि गोळी होऊन पडते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अवयव आवरून घेणाऱ्या कासवाची उपमा येते, तिची इथे आठवण व्हावी. अंटार्क्टिकातून १९८३ साली आणलेले शेवाळ जपानी संशोधकांनी उणे २० अंशांत ठेवले होते. ३० वर्षांनी, २०१४ मध्ये, ते काढून भिजवले तेव्हा त्यातले जलअस्वल हलू लागले आणि पुढे त्याने अंडीही घातली. मात्र हा जीव 'अमर' आहे असे जे संदेश फिरतात, त्यांवर विश्वास ठेवू नका. ही सारी शक्ती त्या आवरलेल्या अवस्थेची आहे. पाण्यात चालत्याफिरत्या जलअस्वलाला उष्णता सहज मारते.

या विषयात माणसाचाही जीव गुंतलेला आहे. प्रत्यारोपणासाठी काढलेले हृदय बर्फात ठेवूनही जेमतेम ४ ते ६ तास टिकते. आपल्या शहरांत त्यासाठी 'ग्रीन कॉरिडॉर' करतात, रस्ते मोकळे करून रुग्णवाहिका सोडतात, ते याच घाईने. सहा महिने बंद राहिलेले हृदय पुन्हा सुरू करणाऱ्या बेडकाकडे शास्त्रज्ञ इतक्या आशेने का पाहतात, ते आता तुमच्या लक्षात येईल.

अलास्का दूर आहे, पण असा थांबलेला जीव तुमच्या पायाखालीही आहे. तुम्ही बडोद्याला असा, इंदूरला असा वा नागपूरला, आपला मोठा हिरवा बेडूक उन्हाळाभर मातीत निपचित पडून असतो आणि पहिल्या मोठ्या पावसात वर येतो. नर तर तेव्हा हळदीसारखे पिवळे होतात. एके काळी त्याचे पाय परदेशी पाठवण्यासाठी लाखोंनी पकडले जात. १९८७ मध्ये भारताने ही निर्यात बंद केली. आता धोका वेगळा आहे. घरापुढचे अंगण, बांध, ओढ्याचा काठ, सगळीकडे आपण फरशी आणि काँक्रीट टाकत चाललो आहोत. झोपलेला प्राणी पळू शकत नाही. शेतात किंवा बागेत उन्हाळी खोदकाम काढले आणि ढेकळात असा सुस्त बेडूक सापडला, तर तो मेलेला आहे असे धरून फेकू नका. सावलीतल्या ओलसर मातीत ठेवा, वर सैल माती लोटा आणि पावसाची वाट त्याची त्याला पाहू द्या.